पुरुलिया: उतारावर वाचायचा जिल्हा

पुरुलियात शेतजमिनीचा विषय निघाला की ‘किती बिघे?’ हे विचारून भागत नाही. ‘बाईद का बहाल?’ हे आधी ठरावं लागतं. दोन्ही जमिनीचीच नावं. बाईद उतारावर वरच्या अंगाला असते, बहाल खालच्या खोलगटात. दोन्ही शेतांमध्ये चालत पाच मिनिटांचं अंतर असेल, उंचीत माणूसभराचा फरक असेल. पण पावसाने दहा-पंधरा दिवस दडी मारली की बाईदातला भात करपायला लागतो आणि बहालातला हिरवागार उभा असतो. एवढी एक गोष्ट मनात पक्की केली की या जिल्ह्याचा भूगोल, शेती, सरकारी कामकाज, एवढंच काय, तिथल्या माणसांची वर्षभराची ये-जासुद्धा उलगडत जाते.

पुरुलिया हा पश्चिम बंगालचा अगदी पश्चिमेकडचा जिल्हा. बंगाल म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सपाट, पाणथळ, तळ्या-पोखरींचा मुलूख येतो. पुरुलियात तसं काही दिसत नाही. छोटा नागपूरचं पठार झारखंडातून उतरत उतरत बंगालच्या मैदानाला मिळतं, त्याची शेवटची पायरी म्हणजे हा जिल्हा. क्षेत्रफळ ६,२५९ चौरस किलोमीटर. २०११च्या जनगणनेत लोकसंख्या २९ लाख ३० हजारांच्या घरात होती आणि त्यातले सुमारे ८७ टक्के लोक खेड्यांत राहत होते. पश्चिमेला अजोध्या डोंगर, त्यातलं गोर्गाबुरू हे शिखर ८५५ मीटर उंच. तिथून जमीन पूर्वेकडे कलत जाते. कंसावती (तिथले लोक कांसाई म्हणतात), कुमारी, द्वारकेश्वर या नद्या इथेच उगम पावतात आणि इथून बाहेर पडतात. दामोदर उत्तरेच्या शिवेवरून जाते, सुवर्णरेखा पश्चिमेची कड शिवून जाते.

आता पावसाचा आकडा पाहा. वर्षाला सरासरी १,३०० मिलिमीटरच्या आसपास. आपल्या सोलापूरच्या दुपटीहून जास्त. तरीही पुरुलियाची ओळख दुष्काळी जिल्हा अशीच आहे आणि बहुतेक शेतांत वर्षाला एकच पीक निघतं. बराचसा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो आणि उतारावरून वाहून जातो. मातीचा थर पातळ, तांबडा, मुरमाड. त्याखाली ग्रॅनाइट आणि नाइस जातीचा कठीण खडक. अशा खडकात पाणी साठतं ते फक्त भेगांमध्ये आणि वरच्या झिजलेल्या थरात. त्यामुळे विहिरी उन्हाळ्यात तळ दाखवतात, आणि काही भागांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड लागतं ते वेगळंच.

एखाद्या माळाच्या माथ्यावरून खाली उतरत गेलो तर चार पायऱ्या लागतात. माथ्यावर टांड. खडे, मुरूम, गवत, पळस, चरणारी गुरं. जमलं तर थोडे कुळीथ. थोडं खाली आलं की पहिले बांध दिसतात, तिथून बाईद सुरू होते. उतार कापून, माती ओढून, पिढ्यान्‌पिढ्या हाताने केलेली ही खाचरं. पाऊस झाला की पाणी उभं राहतं, पण दोन-तीन दिवसांत मुरून जातं. इथे नव्वद ते एकशेदहा दिवसांचा हळवा भात घ्यायचा, तोही पावसाच्या भरवशावर. त्याखाली कानाली. वरच्या बाईदातून झिरपलेलं पाणी हिला मिळतं, म्हणून निमगरवा भात बहुधा साधतो. सगळ्यात खाली, दोन उतारांच्या बेचक्यात बहाल. वरून वाहून आलेला गाळ शतकानुशतकं इथे साचलाय, माती चिकण आहे, ओल डिसेंबरपर्यंत टिकते. गरवा, म्हणजे उशिरा पिकणारा भात इथलाच. भात उभा असतानाच त्यात खेसारी फेकायची आणि कापणीनंतर उरलेल्या ओलीवर दुसरं पीक काढायचं, हेही इथेच जमतं. भंडारा-गोंदियाकडे धानाच्या बांधीत लाखोळी फेकतात ती हीच पद्धत आणि हेच कडधान्य. गोव्यातल्या मोरड, खेर आणि खाजन (वरची, मधली आणि सखल जमीन) या शब्दांमागेही असंच जमिनीचं शहाणपण आहे. माणसाने जमिनीला अशी नावं दिली की ती पाण्याच्या हिशेबाने दिली असं समजावं.

ही नावं नुसती बोलण्यातली नाहीत. तिथल्या जमिनीच्या सरकारी नोंदींत, जमिनीच्या प्रकारापुढे बाईद, कानाली, बहाल असंच लिहिलेलं सापडतं. भाव त्याप्रमाणे, गहाण टाकताना मिळणारी किंमत त्याप्रमाणे, वाटणीतली भांडणंही त्यावरूनच. थोडी बहाल असलेलं घर एका वाईट वर्षात तगतं. ज्याच्या वाट्याला फक्त बाईद आणि टांड आलं, त्याचं वर्ष पावसाच्या एका खंडाने मोडतं.

आणि खंड पडतोच. भातशेतीचं तिथलं वेळापत्रक ऐकलं की आपल्या शेतकऱ्याला ते घरचंच वाटेल. बंगाली ज्येष्ठाच्या १३ तारखेला, म्हणजे मेच्या शेवटच्या आठवड्यात, कुर्मी महातो शेतकरी ‘रोहिन’ पाळतात. त्या दिवशी शेतातली माती घरी आणतात आणि तिथून बियाणं टाकण्याचा हंगाम उघडतो. आपल्याकडे रोहिणी नक्षत्र लागतं तेही याच आठवड्यात. जूनमध्ये रोपं टाकायची, जुलै-ऑगस्टमध्ये लावणी. पाऊस लांबला तर रोपं वाफ्यातच जून होतात आणि मग लावली तरी फुटवे कमी धरतात. त्यातूनही लावणी साधली तरी खरी परीक्षा सप्टेंबरअखेर असते. भात निसवण्याच्या, म्हणजे लोंब्या बाहेर पडण्याच्या वेळी हस्ताचा पाऊस हवा. तिथले लोकही ‘हातिया’ची वाट बघतात. बाईदात त्या आठ-दहा दिवसांत एखादी पाळी पाणी मिळालं तर दाणा भरतो, नाहीतर पळिंज होतं. शेतकऱ्याची चार महिन्यांची मेहनत शेवटी एका पाण्यासाठी अडते. हे एक पाणी हातचं कसं राखायचं, पुरुलियाच्या शेतीचा मुख्य प्रश्न हा आहे.

मोठ्या धरणांनी तो सोडवला नाही, आणि त्याचं कारणही उतारातच आहे. कंसावती आणि कुमारीच्या संगमाजवळ मुकुटमणिपूरचं धरण आहे, पण ते खाली बांकुडा जिल्ह्याच्या हद्दीत. फुगवट्याचं पाणी मागे पुरुलियापर्यंत पसरतं. कालवे मात्र पुढे बांकुडा, मेदिनीपूर, हुगळीकडे जातात. उत्तरेला दामोदरवरचं पंचेत धरण १९५९ साली सुरू झालं. त्याच्या पाण्यात तेलकुपीची जुनी देवळं गेली. दगडी शिखरांचं ते तीर्थ बुडालं, उरलंसुरलं एखादं देऊळ पाण्यातून डोकं वर काढतं. अजोध्या डोंगरात ९०० मेगावॉटचा जलविद्युत प्रकल्प आहे. तिथे रात्री पाणी वरच्या तलावात चढवतात आणि विजेची मागणी वाढली की खाली सोडतात. उंचीचा उपयोग तिथे विजेसाठी झाला. नदीवरच्या धरणाचं पाणी खालच्याच जमिनीला मिळणार. माथ्यावरच्या आणि उतारावरच्या शेतापर्यंत ते आपसूक चढत नाही, आणि गरिबांची बहुतेक शेतं नेमकी तिथेच आहेत.

पाणी जसं खाली जातं, तशी माणसंही जातात. पूर्वेकडच्या वर्धमान-हुगळीच्या सखल, बागायती भातपट्ट्याला इकडचे लोक ‘नामाल’ म्हणतात, म्हणजे खालचा मुलूख. ‘नामालला गेलाय’ म्हटलं की मजुरीला गेलाय हे कळतं. फेऱ्या वर्षातून चार: पावसाळी भाताची लावणी, त्याची कापणी, मग उन्हाळी ‘बोरो’ भाताची लावणी आणि कापणी. टोळ्या करून जायचं, त्यांत बायकाही असतात, कधी तान्ही मुलंही. मजुरी रोख, आणि जुन्या रिवाजाने बरोबर तांदूळ. आपल्याकडे मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या कोयत्याची गोष्ट ज्याला ठाऊक आहे, त्याला ही वेगळी समजवावी लागणार नाही. नामालची पहिली फेरी आणि स्वतःच्या बाईदातली लावणी अगदी एकाच वेळी येते, हे मला सगळ्यात जास्त बोचतं. घरात दाणा संपलेला असतो म्हणून माणूस दुसऱ्याच्या शेतात लावणी करायला जातो, आणि स्वतःची रोपं तोवर जून होतात.

या कोंडीवर पुरुलियात एक उपाय रुजला, आणि तो जरा जवळून बघण्यासारखा आहे. ग्रामविकासाचं काम करणाऱ्या ‘प्रदान’ या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांबरोबर मांडलेली ही कल्पना. तिचं नाव हापा. बाईदातल्या प्रत्येक तुकड्याचा पाच टक्के भाग सोडायचा आणि तिथे खड्डा खणायचा.

आपण गुंठ्यात हिशेब करू. तुकडा दहा गुंठ्यांचा, म्हणजे सुमारे १०,९०० चौरस फूट. त्याचे पाच टक्के ५४५ चौरस फूट, साधारण २७ फूट लांब आणि २० फूट रुंद. खोली आठ फूट. कडा सरळ असत्या तर यात इतकं पाणी मावलं असतं की उरलेल्या शेतावर पसरलं तर पाच इंचांचा थर झाला असता. पण कडा उतरत्या ठेवाव्या लागतात, काही पाणी मुरतं, काही वाफ होऊन जातं. तरी तीन इंच धरा. म्हणजे दीड-दीड इंचाच्या दोन पाळ्या. हस्त कोरडा गेला तरी दाणा भरायला एवढं पुरतं. पावसाळ्यात खड्डा एकदाच भरत नाही, प्रत्येक जोराच्या सरीने पुन्हा भरतो.

यावर कुणी म्हणेल, हे तर आपलं शेततळंच. पण फरक आहे. आपल्याकडे बरीच शेततळी प्लॅस्टिकचा कागद अंथरून करतात, पाणी मुरू नये म्हणून. हाप्याला अस्तर नसतं. त्यातलं पाणी झिरपून खालच्या तुकड्यात ओल जाते, खालच्याचं त्याच्याही खाली, असं करत कानालीपर्यंत सगळा उतार ओलसर राहतो. म्हणून एकट्या-दुकट्याने हापा खणण्यापेक्षा पूर्ण उतारावर सगळ्यांनी खणले तर गुण येतो. दुसरं म्हणजे पाणी ज्याच्या त्याच्या शेतात असतं. मोठं गावतळं उताराच्या पायथ्याशी असतं, बहुधा बहालवाल्यांच्या शेजारी. तिथून पाणी वर उचलायला पंप लागतो, डिझेल लागतं, शिवाय शेजाऱ्याची संमती लागते. हाप्याचं पाणी बादलीनेही शिंपता येतं. खणलेली माती बांधावर चढते, त्या बांधावर तूर आणि भाज्या होतात, आणि खड्ड्यात तीन-चार महिने मासेही वाढवता येतात. याहून वरच्या टांडावर ‘तीस-चाळीस’ चालतं: तीस बाय चाळीस फुटांचे चौकोन आखायचे, बांध घालायचे, प्रत्येक चौकोनाच्या सखल कोपऱ्यात छोटा खड्डा. मग तिथे आंब्याची कलमं जगतात.

शेतकरी लगेच तयार होतो असं नाही. जेमतेम दहा-वीस गुंठे बाईद आहे, त्यातली पाच टक्के खड्ड्यात घालायची म्हणजे काळीज मोठं लागतं. शेजारच्या शेतात खंडाच्या वर्षी भात पिकलेला पाहिला की मग मन वळतं.

खणायची मजुरी कुणी द्यायची? इथे सरकारी यंत्रणा येते, आणि ती आपल्याहून वेगळी आहे. पश्चिम बंगालमध्ये तालुका नाही, तहसीलदार आणि तलाठी ही आपली साखळीही नाही. जिल्ह्याखाली ‘महकुमा’ म्हणजे आपल्या प्रांताएवढा उपविभाग. पुरुलियात ते चार आहेत: पुरुलिया सदर, मानबाजार, झालदा आणि रघुनाथपूर. त्याखाली २० ब्लॉक. ब्लॉकचा गटविकास अधिकारी, सगळे ज्याला बीडीओ म्हणतात, हाच सामान्य माणसाला दिसणारा सरकारचा चेहरा. जमिनीच्या नोंदी ब्लॉकमधलं वेगळं भूमी कार्यालय सांभाळतं. आपल्या गट नंबरला तिथे ‘दाग’, खातेदाराच्या उताऱ्याला ‘खतियान’, त्याच्या नकलेला ‘पर्चा’.

निवडून आलेल्यांची फळी तीन पायऱ्यांची: जिल्हा परिषद, पंचायत समिती आणि १७० ग्रामपंचायती. सरपंचाला प्रधान म्हणतात, जिल्हा परिषदेच्या अध्यक्षाला सभाधिपती. १९७८पासून तिथे ग्रामपंचायतीचीही निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होते, त्यामुळे गावातली फूट कायम पक्षाच्या रंगाची असते. आणखी एक मोठा फरक: आपल्याकडे जिल्हा परिषदेला स्वतंत्र मुख्य कार्यकारी अधिकारी असतो, तिथे जिल्हाधिकारीच जिल्हा परिषदेचा कार्यकारी अधिकारी असतो. महसूल आणि विकास दोन्ही एकाच हातात. मन लावणारा अधिकारी आला तर पाणलोटाचं काम झपाट्याने पुढे जातं. त्याची बदली झाली की दोन्हीकडचा जोर एकदम ओसरतो. आणि एका ग्रामपंचायतीत दहा-पंधरा गावं असली, तरी ओहोळ पंचायतीची हद्द बघून वाहत नाही. माथा एका पंचायतीत, पायथा दुसरीत, असं झालं की ‘माथा ते पायथा’ काम अडकतं.

हापे आणि बांध यांची बरीच मजुरी आली ती केंद्राच्या रोजगार हमी कायद्यातून. तिथल्या भाषेत ‘शंभर दिवसांचं काम’. या कायद्याची कल्पना आपल्या महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेतून आली, त्याचा मराठी माणसाला अभिमान असायला हरकत नाही. २०१७-१८च्या सुमारास राज्य सरकारने पश्चिमेकडच्या जिल्ह्यांसाठी ‘उषरमुक्ती’ हा कार्यक्रम सुरू केला. नद्यांची पाणलोट क्षेत्रं धरायची, संस्थांनी गावकऱ्यांबरोबर नकाशे करायचे, मजुरी रोजगार हमीतून. मग मार्च २०२२ मध्ये केंद्राने गैरव्यवहाराचं कारण देऊन पश्चिम बंगालचा रोजगार हमीचा निधी थांबवला. वाद न्यायालयात गेला. दोष कुणाचाही असो, अर्धवट खणलेला खड्डा पावसात ढासळतो आणि मजूर पुन्हा गाडी धरतो, आता नामालच्याही पलीकडे, थेट दक्षिणेकडे.

हा जिल्हा बंगालमध्ये आला तोही झगडून. ब्रिटिशांच्या काळात हा मानभूम जिल्ह्याचा भाग होता, आणि १९१२ साली तो बिहार-ओरिसाकडे गेला. स्वातंत्र्यानंतर इथल्या बंगाली बोलणाऱ्यांवर हिंदी लादली जाते म्हणून अतुलचंद्र घोष यांच्या लोकसेवक संघाने चळवळ उभी केली. संक्रांतीला सुगीच्या आनंदात गायली जाणारी टुसूची गाणी सत्याग्रहाची गाणी झाली. एप्रिल १९५६ मध्ये पाकबिर्रा गावातून सुमारे हजारभर सत्याग्रही चालत कोलकात्याला निघाले आणि मेच्या पहिल्या आठवड्यात पोचले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मानभूमचा तुकडा पडला: पुरुलिया बंगालला, धनबाद, चास, चांडिल बिहारकडे. त्याच दिवशी आपल्या माथी द्विभाषिक मुंबई राज्य आलं आणि संयुक्त महाराष्ट्राचा लढा आणखी पेटला.

मराठी माणसाने या जिल्ह्याची आणखी एक आठवण ठेवायला हवी. १७४२ साली नागपूरकर रघुजी भोसल्यांचे भास्करराम कोल्हटकर याच पंचेतच्या वाटेने बंगालमध्ये उतरले. त्या स्वाऱ्यांतल्या बारगिरांचे तिथे ‘बर्गी’ झाले, आणि ते आजही बंगाली अंगाईत येतात, खंडणीच्या धास्तीसकट. डोंगरापायथ्याचा पंचकोट गड बर्गींनी उद्‌ध्वस्त केला असं तिथले लोक सांगतात. आपण ज्याला पराक्रम म्हणून वाचतो, ते तिथल्या आयांनी भीती म्हणून जपलंय.

शेवटी पुन्हा टांडावर जाऊ, कारण पिकाच्या दृष्टीने मोडीत काढलेल्या त्या माथ्यावर एक उत्पन्न आहे, लाख. पळस, बोर आणि कुसुंब या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचे किडे वाढतात. पळस-बोरावरची ती रंगीनी, कुसुंबावरची कुसमी. किड्यांनी भरलेली काडी, म्हणजे बियाण्याची लाख, जुलैच्या सुमारास नव्या फुटव्याला सुतळीने बांधतात. मोहरीहून बारीक किडे त्यातून बाहेर पडतात, फांदीवर चालत जातात आणि रस ओढायला एका जागी बसले की मादी जन्मभर तिथेच. अंगातून पाझरणाऱ्या राळेनेच ते स्वतःला झाकून घेतात. वीसेक दिवसांनी रिकामी झालेली काडी उतरवायची, तिला फुंकी म्हणतात; ती तशीच राहिली तर लाखेवर जगणाऱ्या दुसऱ्या किडी वाढतात. पळसावरची ही लाख ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये निघते.

ती बलरामपूर आणि झालदाच्या कारखान्यांत जाते. हाताने काम करायची तिथली जुनी रीत अशी: धुतलेली लाख लांब कापडी पिशवीत भरून भट्टीसमोर पिळायची, गळलेला ऊन गोळा हातापायांनी, दातांतही धरून ताणायचा, की पापडासारखा पातळ पत्रा होतो. आपले सुतार लाकडाला पॉलिश करायला वापरतात तो चपडा हाच. लाख उतरते ती अगदी त्या दिवसांत, जेव्हा बाईदातला भात हातातून गेला की राहिला हे नुकतंच कळलेलं असतं आणि नामालची दुसरी फेरी तोंडावर असते. ज्याच्या चार पळसांवर लाख धरली, त्याच्या हातात त्या आठवड्यात रोख पैसे येतात, आणि जायचं की नाही हे तो घरी बसून ठरवू शकतो.